कोकणची छायाचित्रे आणि चित्राखालचे नाव



हल्ली आपल्यापैकी बहुतेकांच्या मोबाइलवर दिवसाआड कोकणचे एखादे छायाचित्र येतेच. कधी अलिबागचा कुलाबा किल्ला, कधी काशीदची पांढरी वाळू, कधी मुरूडचा जंजिरा, कधी पावसात न्हालेली माडांची वाडी. पूर्वी असे चित्र पाहायचे म्हणजे मुंबईहून कोणी भिंतीवरचे कॅलेंडर आणील तेव्हा. आता अलिबाग, रेवदंडा, मुरूड, रोहा, पेण, श्रीवर्धन इकडची तरुण मुले स्वतःच कॅमेरे घेऊन हिंडतात. त्यांनी सकाळी काढलेले चित्र त्याच दिवशी दिमोना, अश्दोद, लोद, बेअर शेवा इथल्या आपल्या घरांत पोहोचलेले असते. आपण ते पाहतो, "अगं, हे तर आपलंच!" म्हणतो, नातवंडांना दाखवतो आणि पुढे पाठवून देतो.

इतक्या प्रेमाने आपण ही चित्रे पाहतो, पण त्यांची पारख मात्र करीत नाही. कीर्तन रंगले की नाही हे आपण सांगतो, नाटकात कोण कमी पडले हे सांगतो, मग छायाचित्राबद्दल नुसते "वा!" म्हणून का थांबावे? या लेखात कोणा एकाचे नाव घेऊन गुणदोष मांडायचे नाहीत. हे काम करणारी मुले बहुतेक हौशी आहेत, पोटापाण्याचा उद्योग सांभाळून ती हिंडतात. त्यांच्या चित्रांत एकंदरीने काय साधले आहे आणि काय निसटते आहे, एवढेच पाहायचे आहे. जे निसटते आहे ते आपल्या फार जिव्हाळ्याचे आहे, म्हणून हा लेखनप्रपंच.

आधी गुण सांगते. स्थानिक माणसाने काढलेले चित्र आणि शनिवारी येऊन रविवारी परत जाणाऱ्या मुंबईकराने काढलेले चित्र यांत फरक ओळखू येतो. स्थानिकाला भरती-ओहोटीचे गणित पाठ असते. कुलाबा किल्ल्यात ओहोटीच्या वेळी चालत जाता येते, हे पाहुण्यालाही माहीत असते. पण पाणी उतरताना वाळूवर जे आरशासारखे पट्टे उरतात आणि त्यांतून घोडागाडी किल्ल्याकडे जाते, ती वेळ कोणत्या तिथीला किती वाजता साधेल हे गावच्या माणसालाच कळते. होड्या बंदराला कधी लागतात, मासळीचा लिलाव कुठे होतो, भाताची लावणी आज कोणाच्या शेतात आहे, हे त्याला कोणाला विचारावे लागत नाही. त्याच्या चित्रातली माणसे कॅमेऱ्याकडे बघून बावरत नाहीत, कारण कॅमेरा धरणारा त्यांच्या ओळखीचा असतो. हा मोठाच गुण आहे.

दुसरा गुण उंचीचा. आकाशातून महाराष्ट्र दाखवण्याचे काम नौदलात काम केलेल्या गोपाळ बोधे यांनी पूर्वी केले. त्या काळी त्यासाठी हेलिकॉप्टर लागे. आता मुलांच्या हातात लहानसे ड्रोन आले आहे. काहीजण त्याला नाक मुरडतात, पण मी मुरडणार नाही. जंजिऱ्याच्या दारात होडीतून उतरणाऱ्याला फक्त काळी तटबंदी दिसते. वरून पाहिले की खाऱ्या समुद्राच्या मध्यावर, तटाच्या आत असलेले गोड्या पाण्याचे दोन मोठे तलाव दिसतात आणि हा किल्ला इतकी वर्षे कसा टिकला याचे उत्तर एका चित्रात मिळते. रेवदंड्याचेही तसेच. जमिनीवरून पोर्तुगीजांच्या तटाचा एखादा तुकडा दिसतो, पण वरून कळते की आख्खे गाव, त्याच्या नारळी-पोफळीच्या वाड्या, घरे, रस्ते, सारे त्या तटाच्या पोटात आहे. पेणकडची खारजमीन, तिचे बांध आणि भरतीचे पाणी अडवणाऱ्या उघाड्या वरून पाहिल्या म्हणजे आपल्या पूर्वजांच्या शेजाऱ्यांनी समुद्राशी किती पिढ्या झगडून भात पिकवला ते उमगते. भूगोलाचा तास घेताना मला असे एक चित्र मिळाले असते, तर अर्धा फळा खडूने भरावा लागला नसता.

तिसरी गोष्ट वादळाची. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आदळले. कोरोनामुळे बाहेरच्या माणसाला जिल्ह्यात शिरणे अवघड होते. त्या दिवसांत स्थानिक मुलांनी जी चित्रे काढली, ती त्यांच्या सगळ्या कामात मला सर्वांत खरी वाटतात. घरांवरून उडालेली कौले आणि पत्रे, वाडीत एकाच दिशेला आडव्या पडलेल्या पोफळी, विहिरीत कोसळलेला माड. पोफळ लावल्यापासून सुपारी हातात यायला पाच-सात वर्षे जातात, म्हणजे त्या चित्रात पडलेली असतात ती एका कुटुंबाची पुढची कित्येक वर्षे. त्या वेळी कोणी देखावा शोधत नव्हते. समोर जे होते तेच त्यांनी टिपले, आणि गावाचे नाव व तारीखही खाली आवर्जून लिहिली, कारण मदत कुठे पाठवायची ते लोकांना कळायला हवे होते. ही खालची ओळ लक्षात ठेवा. माझा सगळा मुद्दा तिच्याभोवतीच आहे.

आता दोष. वादळाची ती चित्रे सोडली, तर बाकीच्या ढिगात मला पुन्हा पुन्हा तीनच विषय दिसतात: सूर्यास्त, पावसाळी हिरवळ आणि किल्ला. जणू कोकणात कधी दुपार होतच नाही! एप्रिलच्या उन्हात राब भाजताना उठणारा धूर, बांबूंवर बोंबील वाळत घालणाऱ्या बायकांची घामेजलेली पाठ, पांढऱ्या कांद्याच्या माळा विणणारे हात, वाडीत पाटाचे पाणी एका आळ्यातून दुसऱ्या आळ्यात वळवणारा गडी, ही चित्रे फारच थोडी. समुद्र भरपूर, पण समुद्रावर जगणारा माणूस कुठेतरी कोपऱ्यात, काळ्या सावलीसारखा. सूर्यास्ताचे चित्र मुरूडचे की मॉरिशसचे, हे खाली नाव नसेल तर सांगता येत नाही. जे चित्र कुठलेही असू शकते, ते आपल्या गावचे कसे म्हणायचे?

आणि जिथे माणूस मोठा करून दाखवतात तिथे दुसरीच गंमत होते. सुरकुतलेल्या चेहऱ्याची म्हातारी, कपाळावर मोठे कुंकू, नाकात नथ, चित्र मुद्दाम रंगहीन केलेले, आणि खाली लिहिलेले असते "कोळीण", "कोकणातली आजी" किंवा "कष्टकरी". त्या बाईला नाव नाही, गाव नाही, वय नाही. ती एक नमुना झाली.

हा नमुन्याचा प्रकार आपल्या समाजाला नवा नाही, म्हणून मला तो अधिक टोचतो. थोडे मागे जाऊ. मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली १८५४ साली. तिच्या सुरुवातीच्या मंडळींत विल्यम जॉन्सन नावाचे सरकारी नोकरीतले एक इंग्रज गृहस्थ होते. मुंबईत राहणाऱ्या आणि येणाजाणाऱ्या जातीजमातींच्या छायाचित्रांचे त्यांचे दोन खंड १८६३ आणि १८६६ साली निघाले. त्यांत बेने इस्राएलांचेही चित्र आहे. आपल्या पूर्वजांच्या जुन्यात जुन्या छायाचित्रांत त्याची गणना होते. पागोटी, अंगरखे, साड्या, दागिने, सगळे स्पष्ट. आपला पेहराव शेजाऱ्यापाजाऱ्यांसारखा कसा मराठी होता याचा तो पुरावाच आहे, आणि त्यासाठी आपण जॉन्सनसाहेबांचे आभार मानले पाहिजेत.

पण त्या पुस्तकाची एक खोच जाणकार सांगतात. त्यातली माणसे आणि त्यांच्या मागचा देखावा एका जागचे नाहीत. माणसांचे चित्र एकीकडे घेतलेले, मागची इमारत किंवा मैदान दुसरीकडचे, आणि छापताना दोन्ही एकत्र जुळवलेली. चित्रावर शीर्षक कोणाचे, तर जमातीचे. माणसे कोण, कोणाची कोण लागतात, कुठल्या गावची, याचा पत्ता नाही. संग्रहालयातल्या फुलपाखराखाली जशी जातीची चिठ्ठी लावतात तशी ही चिठ्ठी. ती पागोटेवाली माणसे किहीमची होती की पेणची, तेलाचा घाणा चालवणारी होती की पलटणीतून निवृत्त झालेली, हे आता कोणीच सांगू शकणार नाही.

त्यानंतर आले तालुक्याच्या गावचे आणि मुंबईचे फोटो स्टुडिओ. आपल्या सर्वांच्या घरी एक तरी असा फोटो असेल. आजोबा खुर्चीत, आजी शेजारी उभी, तिचा हात खुर्चीच्या पाठीवर, आणि मागे पडद्यावर रंगवलेला संगमरवरी जिना नाही तर विलायती बाग. इथे माणसे खरी, नावे घरच्यांना पाठ, पण जागा मात्र खोटी. ज्या ओटीवर ती दोघे आयुष्यभर बसली, ती ओटी कोणी टिपली नाही.

आणि आजचे चित्र पाहा. जागा अगदी खरी, इतकी खरी की ओल्या जांभ्याचा खडबडीतपणा बोटाला जाणवावा. पण माणूस नाही, आणि असला तर बिननावाचा. जॉन्सनच्या काळी माणूस एकीकडचा व जागा दुसरीकडची. स्टुडिओत माणूस खरा, जागा पडद्यावरची. आता जागा खरी आणि माणूस गायब. दीडशेहून अधिक वर्षे झाली, कॅमेरे कितीतरी सुधारले, पण आपला माणूस आणि आपले गाव एका चौकटीत, दोघांच्याही नावानिशी, क्वचितच एकत्र आले आहेत.

कोणी म्हणेल, चांगले छायाचित्र स्वतः बोलते, त्याला खाली ओळ कशाला हवी? हा आक्षेप विचार करण्याजोगा आहे. चित्राचे सौंदर्य ओळीवर अवलंबून नसते हे मला मान्य आहे. पण ही मुले आपल्या कामाला "वारसा" म्हणतात. वारसा म्हटला की तो कोणाकडून कोणाकडे आला हे सांगावेच लागते. मालमत्तेच्या कागदावर नाव नसेल तर तो कागद कचेरीत चालत नाही.

एक उदाहरण देते. अलिबाग तालुक्यात चरी नावाचे गाव आहे. पावसाळ्यात तिथली भातशेते काढली तर चित्र सुंदरच येणार, आणि खाली "हिरवेगार कोकण" असे लिहिले की पाहणारा खूश होऊन पुढे सरकणार. पण याच चरीत आणि आजूबाजूच्या गावांत कुळांनी १९३३ साली खोतांच्या जमिनी कसायचे नाकारले. नारायण नागू पाटील त्यांचे पुढारी होते. तो संप सहा वर्षांच्या आसपास चालला. म्हणजे आज जिथे हिरवे दिसते, तिथे त्या वर्षांत पोटाला चिमटा घेऊन शेत ओसाड ठेवले गेले. ही एक ओळ चित्राखाली घाला आणि तेच चित्र पुन्हा पाहा. रंग बदलला नाही, प्रकाश बदलला नाही, तरी चित्र बदलले.

इथले उदाहरण तर आपल्या सर्वांच्या डोळ्यांसमोर आहे. जून १९६७ मध्ये डेव्हिड रुबिंगर यांनी कोतेलपाशी तीन छत्रीधारी सैनिकांचे छायाचित्र काढले. जागा अरुंद होती म्हणून ते जमिनीवर आडवे झाले, त्यामुळे सैनिकांच्या मागे भिंत आभाळाएवढी दिसते. ते चित्र जगभर गाजले. पण या देशाने ते "सैनिक" म्हणून सोडून दिले नाही. झियोन करासेंती, यित्झाक यिफात, हाइम ओश्री ही त्या तिघांची नावे शाळेतल्या मुलांनाही सांगितली जातात, आणि पुढे वय झाल्यावर त्याच तिघांना पुन्हा त्याच भिंतीपाशी उभे करून चित्रे घेतली गेली. नाव ठाऊक होते म्हणून माणूस पुन्हा सापडला. "कोकणातली आजी" पुढच्या वर्षी कोणाला सापडणार?

आता आपल्या स्वतःच्या ठेव्याकडे वळते. अलिबागच्या इस्राएल आळीतले मागेन आबोथ सिनॅगॉग १८४८ साली बांधले गेले आणि १९१० साली त्याची पुन्हा उभारणी झाली. नवगावची दफनभूमी, जिथे फुटलेल्या गलबतातून वाचलेल्या आपल्या पूर्वजांनी बुडालेल्यांना मूठमाती दिली असे आपण परंपरेने मानतो. अलिबागजवळच्या खंडाळे गावचा एलियाहू हन्नबीचा टापा. रेवदंड्याचे बेथ एल सिनॅगॉग. ही ठिकाणे आता स्थानिक छायाचित्रकारांच्या नजरेत येऊ लागली आहेत, याचा मला मनापासून आनंद आहे. आपली मुले जिथे जात नाहीत, तिथे शेजाऱ्यांची मुले जाऊन फोटो काढतात, ही शेजारधर्माची मोठी गोष्ट आहे.

पण तिथेही तोच दोष आड येतो. टाप्याचे चित्र म्हणजे काळ्या कातळावरची एक खूण. एलियाहू हन्नबीच्या रथाच्या चाकाची आणि घोड्याच्या टापेची ही खूण आहे, नवस फेडायला लोक इथे पोहे, ओले खोबरे, फळे घेऊन येतात आणि मलिदा करतात, हे खाली लिहिले नाही तर तो नुसता कातळ आहे. असे कातळ कोकणात पावलोपावली. आपल्या सिनॅगॉगांत एलियाहू हन्नबीची खुर्ची असते. मुलाची मिला होते तेव्हा तिचे महत्त्व. चित्रात ती "जुने नक्षीदार आसन" होऊन येते. म्हणजे लाकूड टिपले गेले, आणि त्याच्याशी जडलेली सगळी बाळे बाहेर राहिली. जुनी माणसे आपल्या प्रार्थनास्थळाला "मशीद" म्हणत, त्यामुळे गावात चौकशी करणाऱ्या मुलाचा गोंधळ होतो आणि चित्राखाली भलतेच लिहिले जाते. यात त्या मुलांचा दोष काय? त्यांना सांगणारे कोणी तिथे उरले नाही. अलिबागेत आता आपली कुटुंबे बोटांवर मोजण्याइतकी. सांगणारे इथे आले.

दफनभूमीबद्दल मला थोडे कडक बोलायचे आहे. थडग्यांची जी चित्रे मी पाहिली आहेत, त्यांत वेली आहेत, शेवाळ आहे, मावळता सूर्य आहे, कधी धुकेही आहे. सुंदर चित्रे. पण दगडावर काय लिहिले आहे ते वाचता येत नाही. आपल्या थडग्यांवर मराठी आणि हिब्रू अक्षरे कोरलेली असतात. खारा वारा आणि कोकणचा पाऊस ती वर्षानुवर्षे खात आहेत. पुढच्या काही पावसाळ्यांत एखादे नाव पुसले गेले, तर त्या माणसाचा दगडावरचा शेवटचा पुरावा गेला. मग तुमचे चित्र हीच त्या लेखाची एकमेव प्रत उरणार. ती प्रत वाचता आली पाहिजे. थडग्याच्या अगदी समोर उभे राहावे, कॅमेरा सरळ धरावा, आणि सकाळी किंवा दुपार कलल्यावर उजेड दगडावर तिरपा पडत असताना चित्र घ्यावे. तिरप्या उजेडात झिजलेल्या अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि माथ्यावरच्या उन्हात जे दिसत नाही ते वाचता येते. आधी असे एक साधे चित्र घ्यावे, मग वेली आणि सूर्यास्त खुशाल काढावेत. सौंदर्याला माझा विरोध नाही, पण ज्याचे थडगे आहे त्याचा मान पहिला.

नावाचा हा आग्रह आपल्या समाजाला तर सहज कळावा. आपली आडनावे पाहा. किहीमचे केहीमकर, नवगावचे नवगावकर, चौलचे चेऊलकर, रोह्याचे रोहेकर, पेणचे पेणकर, झिराडचे झिराडकर. आपल्या पूर्वजांनी माणूस आणि गाव एकाच शब्दात बांधून ठेवले होते. आडनाव हीच चित्राखालची ओळ होती. इथे आल्यावर काहींनी आडनावे आखूड केली, काहींनी हिब्रू केली. ज्यांनी ठेवली त्यांची नातवंडे ती उच्चारतात, पण त्यात एक गाव लपले आहे हे त्यांना ठाऊक नसते. केहीमकरांच्या नातीने किहीमच्या समुद्राचे चित्र पाहावे, "याफे!" म्हणावे आणि बोटाने पुढे सरकवावे, यापरते दुर्दैव कोणते? तिचेच नाव त्या वाळूत लिहिलेले आहे, पण तिला ते कोणी वाचून दाखवले नाही.

हायम सॅम्युएल केहीमकर यांनी आपल्या समाजाचा इतिहास १८९७ साली लिहून पुरा केला, आणि तो छापला गेला १९३७ साली, तेल अवीवला. चाळीस वर्षे हस्तलिखित थांबले, तरी फुकट गेले नाही, कारण त्यात माणसांची, गावांची, रीतींची नावे लिहिलेली होती. लिहिलेले नाव वाट पाहू शकते. तोंडी राहिलेले नाव माणसाबरोबर जाते.

आणि आता वाट पाहायला वेळही फार नाही. मुंबईहून मांडव्याला गाड्या घेऊन येणारी मोठी बोट २०२० साली सुरू झाली, समुद्रावरचा अटल सेतू २०२४ साली खुला झाला. मुंबई जवळ आली, जमिनीला भाव आला. वाड्या विकल्या जातात, तिथे उंच भिंतींचे बंगले उठतात. यात चांगले काय आणि वाईट काय हा वेगळा विषय. पण छायाचित्रकारांनी हे बदलतानाचे कोकणही काढावे. एकीकडे रहाटाची विहीर आणि तिच्या मागे नव्या बंगल्याचे फाटक, असे चित्र गोड दिसणार नाही, पण तीस वर्षांनी त्याचेच मोल अधिक ठरेल. कोणाच्या परसात घाण्याचा जुना दगड उपडा पडलेला दिसला तर तोही काढावा आणि घरमालकाला विचारून त्याची हकिकत लिहावी. आपल्या लोकांना ज्यावरून शनवार तेली हे नाव पडले, त्या धंद्याची चित्रे सापडणे कठीण. निदान दगडाचे तरी राहो.

छायाचित्रकारांना जे सांगायचे ते सांगितले. आता थोडे वाचकांना. शाळेत आपल्याला कोरा नकाशा देत आणि त्यात गावे, नद्या, बंदरे भरायला सांगत. आज कोकणची ही चित्रे म्हणजे तसा कोरा नकाशा आहे. रेषा उत्तम, रंग उत्तम, नावे नाहीत. आणि ती नावे भरू शकणारे विद्यार्थी आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. अलिबागच्या आळीत कोणते घर कोणाचे होते, रेवदंड्यात कोणाची वाडी कोणाच्या वाडीला लागून होती, नांदगावला मलिद्याला कोण जमत, हे सांगायला पुढची पिढी येणार नाही.

तेव्हा असे करा. चित्र आले की पुढे पाठवण्याआधी क्षणभर थांबा. जागा ओळखीची असेल तर गावाचे नाव, जागेचे नाव आणि तुम्हाला आठवते ते माणसाचे नाव खाली लिहा, आणि ज्या मुलाने ते चित्र काढले त्याच्यापर्यंत ते उलट पोहोचेल असे पाहा. लिहिता येत नसेल तर बोलून पाठवा. घरातल्या जुन्या फोटोंच्या मागे मऊ शिसपेन्सिलीने, हलक्या हाताने, नावे घाला. शाई वापरू नका, ती पुढच्या बाजूला उमटते. मराठीत लिहा आणि हिब्रूतही लिहा, म्हणजे नातवंडांना वाचता येईल. जुन्या फोटोवर "जिल्हा कुलाबा" असेल तर शेजारी "आताचा रायगड" असे जरूर लिहा. १९८१ साली जिल्ह्याचे नाव बदलले, हे त्यांना ठाऊक नाही. ती आपले आजोळ मुंबईच्या कुलाब्यात शोधत बसतील.

त्या किनाऱ्यावरच्या मुलांनी आपले काम अर्धे उत्तम केले आहे. वाळू, तट, वाडी, थडगे, सारे आपल्या हातात आणून दिले आहे. उरलेले अर्धे काम एका ओळीचे आहे, आणि ती ओळ आपल्यालाच लिहायची आहे.